आमची भाकरी, डॉक्टरांची भाकरी

आमच्या घरात माझ्या आधी कुणाचं पोट सुटलेलं मी पाहिलं नाही. बा दुसऱ्याच्या शेतावर सालानं होता. माय निंदणी-खुरपणीला जायची. हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या पुढं आमचं गाव आणि गावाच्या कडेला आमची वस्ती. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. माय, बा आणि माझी मोठी बहीण अक्का खडी फोडायला जायचे. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या, तरी त्यासुद्धा पोटभर नव्हत्या. अक्का तेव्हा बारा वर्षांची. हिशोबात ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आजही कबूल करतो. पण दोघांची शाळा होणार नव्हती. चौथीनंतर तिच्या हातात खुरपं आलं आणि माझ्या हातात पाटी राहिली.

त्या पाटीचं मी चीज केलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. वसतिगृहात राहून हिंगोलीच्या कॉलेजातून बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला, वस्तीत दुसरा. बाला त्या दोन अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता. पण त्यानं ती माझ्याकडून दाराशेजारच्या भिंतीवर चुन्यानं काढून घेतली आणि दर वर्षी सारवताना तेवढी जागा सोडून सारवायचा.

एक्क्याण्णव साली हिंगोलीत एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो. खुर्चीवर बसून पगार घेणारा आमच्या घरातला मी पहिला. लग्न झालं, कांता घरात आली. आता घरात ज्वारीही होती, तांदूळही होता. सकाळी चार भाकरी, संध्याकाळी तीन आणि वर भात. ऑफिसात सहा वेळा चहा. सात वर्षांत माझं वजन ब्याण्णव किलो झालं. सुट्टीला गावी गेलो की माय माझ्या दंडावरून हात फिरवायची.

"भरलास रं बाबा. आता कसा साहेबावानी दिसून राहिलास."

आम्ही त्याला तब्येत सुधारणं म्हणत होतो.

सोमवार

अठ्ठ्याण्णव साल. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. उन्हाळा सरला तरी माझी तहान सरेना. तांब्यावर तांब्या पाणी प्यायचो आणि अर्ध्या तासाला उठायचो. आमचा शिपाई शेषराव एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, तुमचा टेबल मुतारीजवळच नेऊन ठेवू का? तुमची बी तकलीफ वाचंल, मोठ्या साहेबाची बी." सगळे हसले, मीही हसलो.

डॉक्टरांकडं मी तहानेसाठी गेलोच नाही. उजव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली होती आणि ती जखम महिना झाला तरी भरत नव्हती, म्हणून गेलो. डॉक्टरांनी करंगळी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. सोमवारी कागद आला. उपाशीपोटी दोनशे नव्वद, जेवल्यावर तीनशे ऐंशी.

"साखर आहे तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"कसं काय? गोड तर मी लई खात नाही."

"गोडाचा प्रश्न नाही. एकूण खाण्याचा आहे आणि वजनाचा."

"पण साहेब, हा तर शेठ लोकांचा रोग."

डॉक्टर हसले नाहीत. खरं सांगायचं म्हणून सांगतो, साखर आहे हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं. जो रोग फक्त गादीवर बसणाऱ्याला होतो असं आयुष्यभर ऐकलं, तो आपल्याला झाला. म्हणजे आपणही कुठंतरी पोचलो. माणूस इतका येडा असू शकतो.

मग डॉक्टरांनी करंगळीकडं बोट दाखवलं. "साखर उतरली नाही तर ही भरणार नाही. भरली नाही तर काढावी लागेल. आणि एकदा कापायला सुरुवात झाली की ते बोटावर थांबेलच असं नाही."

दवाखान्यातून बाहेर आलो. रसवंतीवर घुंगरं वाजत होती. मी तिथं उभा राहिलो आणि मला कळेना की उसाचा रस आता चालतो का नाही. न पिता घरी आलो. घरी कांतानं विचारलं, "काय म्हणले?" मी म्हणालो, "साखर." ती म्हणाली, "आणायची का?"

छापील कागद

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. काय खावं, काय खाऊ नये. मी बी.ए. झालेला माणूस, कार्यालयातली पत्रं मी वाचून इतरांना समजावतो. तो कागद मला समजला नाही. सकाळी मलई काढलेलं दूध. अकरा वाजता सफरचंद. जेवणात फुलके दोन किंवा भाकरी एक, सॅलड एक प्लेट, सूप एक वाटी.

"सॅलड म्हंजी?" कांता.

"कच्च्या भाज्या."

"कच्च्या काहून? गॅस संपला का?"

गंमत एवढ्यावर थांबली नाही. ज्याला कळेल तो औषध सांगायचा. शेजारच्या काकूंनी कारल्याचा रस सांगितला, तो प्यायलो. शेषरावनं जांभळाच्या बियांची पूड आणून दिली, ती फाकली. हेडक्लार्क म्हणाले, रोज सकाळी कडुलिंबाचा पाला. मामा म्हणाले, भात पूर्ण बंद, पण भाकरी पाहिजे तेवढी खा, ज्वारीत साखर नसते, आपल्या आज्या-पणज्यांना कधी झाली होती का शुगर? हे मात्र मला एकदम पटलं. आमच्या भागात तुम्ही कुणालाही विचारा, हेच सांगेल.

तरी मी शिकलेला. कागदावर 'भाकरी एक' होतं, म्हणून मी चाराची एक केली. हे करताना मला किती जड गेलं ते ज्यानं भूक पाहिली त्यालाच कळेल. ताटात एकच भाकरी दिसायची. भूक लागण्याच्या आधीच भुकेची भीती वाटायची.

तीन महिने मी एक भाकरी खाल्ली. एकदाही दुसरी मागितली नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, जेवल्यावर तीनशे चाळीस. वजन कमी झालं दोन किलो. डॉक्टरांना वाटलं मी खोटं बोलतोय. मला वाटलं यंत्र खोटं बोलतंय.

"नक्की एक खाता?"

"शपथेवर सांगतो."

"उद्या ती एक घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी भाकरी फडक्यात बांधून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि भाकरी तळहातावर तोलून पाहिली. मग कंपाउंडरला हाक मारून म्हणाले, "ही समोरच्या किराणा दुकानात तागडीवर घालून आण." दुकानदारानं मोजली. दोनशे ग्रॅमच्या वर भरली.

"मी लिहिलेली भाकरी पन्नास ग्रॅमची," डॉक्टर म्हणाले. "तुमची एक म्हणजे माझ्या चार."

घरी येऊन मी कांताला विचारलं. ती ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "एकच खायाची म्हणले ना डॉक्टर. मग म्या ती जरा नीट थापत होते. आधी एवढी नव्हती. तुमचं तोंड बघवंना म्हून मोठी मोठी होत गेली."

मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं. तिनं दया केली होती. आमच्याकडं कुणाला कमी वाढणं ही शिक्षा असते, औषध नसतं. हे डॉक्टरांच्या कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं आणि आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं.

गोळी खाऊन उपाशी

यानंतर मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. एवढ्यासाठी तरी हे लिहिणं वाचा.

करंगळी काळसर दिसायला लागली होती. मला राग आला, स्वतःचा, भाकरीचा, सगळ्याचा. मी ठरवलं, आता भाकरीच बंद. कुणाला विचारलं नाही. सकाळी डॉक्टरांनी दिलेली साखर उतरवायची गोळी घ्यायची, दोन काकड्या खायच्या आणि ऑफिस. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी कार्यालयाच्या कामानं कळमनुरीला निघालो. त्या दिवशी तिथला बाजार, एसटी गच्च भरलेली.

अर्ध्या रस्त्यात हात थरथरायला लागले. घाम असा सुटला की सदरा पाठीला चिकटला. समोरच्या माणसाची दोन तोंडं दिसायला लागली. शेजारी तांड्यावरची एक म्हातारी बाई बसली होती, हातभर बांगड्या, मांडीवर बाजाराची पिशवी.

"ये दादा, काय होऊन राहिलं तुला?"

मला सांगता येईना. जीभ जड झाली. "शुगर... शुगर हाय मला," एवढं म्हणालो.

तिनं पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड घट्ट मिटलं. चार महिने मी गुळाला शिवलो नव्हतो. बेशुद्ध पडायच्या बेतात होतो, तरी मान हलवून नाही म्हणत होतो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, शुगरवाल्याला गोड देऊ नका, मरंल."

"तू तिकिटं फाड," ती म्हणाली. "माझा मालक बी असाच करायचा." आणि तिनं माझे गाल दाबून तो खडा आत कोंबला. "चाव. चाव म्हनते ना."

तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पाच-दहा मिनिटांत मला माणसं एकेक दिसायला लागली. कंडक्टरनं कळमनुरीला उतरवून दवाखाना दाखवला, आणि तिथल्या लोकांनी त्या रात्री मला हिंगोलीला आणून भरती केलं.

तीन दिवस दवाखान्यात होतो. सकाळी सहाला सिस्टर बोट टोचायची, मग बिनसाखरेचा चहा, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी पुन्हा बोट. गावाहून माय आली ती शिरा घेऊन. अशक्तपणा आला म्हणून. सिस्टरनं डबा परत दिला तर मायला काही केल्या समजेना. "गूळ घालून तर त्याला वाचवलं म्हंता. मंग माझा शिरा काहून नको?" बाजूच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी चाचा होते, त्यांनाही हाच आजार. ते म्हणाले, "भाई, पहले बोले शुगर ज्यादा, अब बोले शुगर कम. ये बीमारी है कि मजाक?"  

डॉक्टर मात्र चिडले. "गोळी साखर खाली ओढते. पोटात काही नसेल तर ती तुम्हालाच खाली ओढेल. खाणं कमी करायचं ते माझ्या समोर, गोळीसोबत. तुमच्या मनानं नाही." त्यांनी गोळी कमी केली आणि पहिल्यांदा छापील कागद बाजूला ठेवून माझ्याशी बोलले. मी काय खातो, कधी खातो, बाजारात काय मिळतं, सगळं विचारलं. मग कोऱ्या कागदावर लिहून दिलं. भाकरी पाव, म्हणजे आमच्या भाकरीचा चौथा हिस्सा. भात नाही, बटाटा नाही, साबुदाणा नाही. पालेभाजी दोन वाट्या, तेल मोजून. घट्ट वरण किंवा मोड आलेली मटकी. अंडं चालेल, तळलेले सोडून मासे चालतील. चहा दोनदा, बिनसाखरेचा. आणि रोज तासभर चालणं. दर पंधरा दिवसांनी वजन आणि रक्त, आणि त्याप्रमाणे गोळी.

हे मी पाळलं. कसं पाळलं ते विचारू नका. पहिला महिना मी सगळ्यांवर भुंकत होतो. आमचं पोरगं शेंगदाण्याचा लाडू खात समोर आलं तरी राग यायचा. पण सहा महिन्यांत करंगळी भरली. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि म्हणाले, "राहिली तुमच्याकडंच." मी तिथंच रडलो. चौतीस वर्षांचा सरकारी नोकर, कंपाउंडरसमोर.

डबा

आता जे सांगतो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्याच वर्षी अक्कानं घर बांधलं. दोन पक्क्या खोल्या, वर स्लॅब. दाजी आणि ती, दोघांनी मजुरी करून, चार पावसाळे कुडाच्या झोपडीत काढून बांधलं होतं. बुद्धवंदना ठेवली होती, सगळ्या पाहुण्यांना जेवण. तिनं निरोप पाठवला, "भाऊ आल्याशिवाय पहिलं ताट वाढायची न्हाई."

मी गेलो. आणि सोबत डबा घेऊन गेलो. डब्यात पाव भाकरी, मेथीची भाजी आणि मटकी. माझ्या मनात एवढंच होतं की तिथं भात, वरण, वडे, खीर असणार. मोह नको, तिच्यावर वेगळं रांधायचा भार नको. मला वाटलं मी शहाणपणा केला.

वंदना झाली. मला सगळ्यांच्या पुढं बसवलं. अक्कानं स्वतः ताट आणलं. तांदळाची खीर, भात, वडे. मी म्हणालो, "अक्का, मला हे चालत न्हाई. मी माझं आणलंय," आणि पिशवीतून डबा काढून समोर ठेवला.

पंगतीतल्या माना माझ्याकडं वळल्या. मला कळेना की काय झालं. अक्का ताट हातात धरून उभीच. माझ्या डब्याकडं बघत होती.

तुम्ही आमच्या वस्तीत वाढला नसाल तर तुम्हालाही कळणार नाही. आम्ही लहान असताना शाळेचे मास्तर कधी वस्तीत यायचे, कधी खानेसुमारीला, कधी मतदानाच्या यादीला. दिवसभर थांबायचे. पण जेवायची वेळ झाली की पिशवीतून स्वतःचा डबा काढायचे, पाणीसुद्धा घरून आणलेलं. माय म्हणायची, मास्तर, गरम भाकरी हाय. ते म्हणायचे, नको बाई, मला चालत नाही. अगदी हेच शब्द. चालत नाही. डबा घेऊन दारात बसणारा माणूस आमच्यासाठी फक्त एकाच प्रकारचा होता.

"बराबर हाय," अक्का हळू म्हणाली. "साहेब झाले. आता आमच्या हातचं काहून चालंल?"

"अक्का, शुगर हाय मला, तुला माहीत हाय ना..."

"मला काय माहीत? मी चौथी शिकलेली."

तिनं ताट उचललं आणि आत गेली. दाजी म्हणाले, "जेवा साहेब, तुमचं तुमी." दाजींनी मला त्याआधी कधी साहेब म्हटलं नव्हतं. मी डबा उघडला आणि सगळ्यांच्या समोर ती पाव भाकरी खाल्ली. खाल्ली नसती तर एसटीतल्यासारखा पुन्हा पडलो असतो, गोळी घेतलेली होती. खाल्ली म्हणून बहीण दुरावली. त्या दिवशी मी काय करायला पाहिजे होतं ते मला आजही सांगता येत नाही.

पुढं अडीच वर्षं अक्का हिंगोलीला आली नाही. चौदा एप्रिलला सगळे यायचे, ती आली नाही. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा ती शेतात होती. पाण्याचा तांब्या पोरीकडून बाहेर आला.

वाळत गेलो

इकडं वजन उतरत होतं. ब्याण्णवचं ऐंशी, ऐंशीचं चौऱ्याहत्तर. सदरे ढगळ झाले. डॉक्टर खूश. बाकी सगळं जग काळजीत.

हीच गोष्ट मला कधी उलगडली नाही. मी आजारी होतो तेव्हा लोक म्हणायचे काय तब्येत आहे. मी बरा व्हायला लागलो तेव्हा लोक म्हणायला लागले, काय झालं हो तुम्हाला? माय तर कांतालाच बोलायची. "सोन्यासारखं पोरगं दिलं होतं तुझ्या हातात. त्याचं काय करून ठेवलंस? खायाला घालत न्हाईस व्हय?" कांता मला म्हणायची, "मोठी भाकरी थापली तर तुमी वरडले, छोटी थापली तर सासूबाई वरडून राहिल्या. मी आता थापतच न्हाई, तुमीच थापा." आणि दोन दिवस तिनं खरंच थापली नाही. मी थापली. तव्यावर टाकताना तुकडे झाले, ते तुकडे सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ले.

मग त्याच्या पुढची बोलणी सुरू झाली. त्या वर्षांत एड्सच्या पाट्या जागोजागी रंगवल्या होत्या. वाळत चाललेला माणूस दिसला की लोकांच्या डोक्यात तेच यायचं. कुणीतरी गावी बोललं, कुणीतरी पुढं नेलं. आणि त्यात माझा डबा जुळला. बहिणीच्या ताटात जेवला नाही, स्वतःचं भांडं वेगळं, म्हणजे काय ते समजून घ्या.

मला हे कळलं शेषरावकडून. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, राग मानू नका. लोकं लई घाण बोलून राहिले." मी त्या दिवशी रजा टाकून घरी आलो आणि भिंतीला टेकून बसलो. वाटलं, चार भाकरी खाऊन, फुगून, करंगळी घालवून मेलो असतो तर निदान लोक मला चांगलं म्हणाले असते.

अक्का आली

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं अक्का आली. हातात काही नाही. दारात उभी राहिली, माझ्याकडं पाहिलं आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"खरं सांग. मला तो रोग चालंल. खोटं चालणार न्हाई."

"अक्का, शप्पथ, शुगरच हाय."

"मंग डबा काहून आणला होता? आमाला लागू नये म्हून ना?"

मी तिला तसंच दवाखान्यात नेलं. माझी चार वर्षांची कागदं डॉक्टरांनी टेबलावर पसरली. तिला वाचता येत होतं, आकडे तर माझ्यापेक्षा बरे. ती बोट फिरवत खाली खाली गेली. तीनशे ऐंशी. तीनशे चाळीस. दोनशे दहा. एकशे साठ. मग वजनाचे आकडे.

"दोन्ही संगं उतरून राहिले," ती म्हणाली.

"हो. तुमच्या भावानं केलं ते," डॉक्टर म्हणाले.

अक्कानं कागद गोळा करून सारखे केले. मग तिनं विचारलं, "डॉक्टर, याला माझ्या हातचं चालंल का न्हाई? तेवढं सांगा."

"हात कुणाचाही चालेल बाई. माप चालत नाही."

घरी आल्यावर तिनं पदर खोचला आणि परात ओढली. कांता म्हणाली, "वन्सं, पाव भाकरी द्यावी लागते, मी एक थापते आणि तोडून देते." अक्का म्हणाली, "तोडलेली भाकरी ताटात काहून वाढायची? भिकाऱ्याला देतात तोडून." तिनं लिंबापेक्षा जरा मोठा गोळा घेतला आणि तळहाताएवढी चानकी थापली. आमच्याकडं पीठ उरलं की लेकरासाठी अशी छोटी भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात. पूर्ण, गोल, पापुद्रा सुटलेली. ताटात ठेवली, बाजूला वांग्याची भाजी, मटकी, दोन वाट्या पालक.

चार वर्षं आम्ही भाकरी मोजत होतो, तोडत होतो, तागडीवर घालत होतो. फुलके, सूप, सगळं करून पाहिलं. चानकी आम्हा कुणालाच सुचली नव्हती.

मी खाल्ली. अक्का समोर बसून बघत होती.

"पोट भरलं?"

"न्हाई," मी म्हणालो. आता खोटं चालणार नव्हतं.

"न्हाईच भरायचं," ती म्हणाली. "पण आता कोणाकडं गेलास तर सांगायचं, मला चानकी करा. डबा काढलास तर माझ्यासारखी दुसरी कोणी असंल, तिचा बी जीव जाईल." मग डोळे पुसून म्हणाली, "मास्तर बसलाय पंगतीत असं वाटलं रं मला. माझ्या घरात मास्तर."

मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "ऊठ, चालायला जायचं न्हाई का तुला? तास भरला का?"

मग आम्ही दोघं रेल्वे स्टेशनापर्यंत चालत गेलो. ती माझ्या पुढं चालत होती. दम मलाच लागला.

ज्यांना नुकतंच कळलंय त्यांना मी काय सांगू? मला स्वतःला अजून पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. एखाद्या दिवशी सगळं पाळूनही आकडा का चढतो, एखाद्या दिवशी चोरून पेढा खाऊनही का नाही चढत, डॉक्टरही खांदे उडवतात. फक्त एवढं सांगतो, गोळी चालू असताना स्वतःच्या मनानं जेवण तोडू नका, आणि जो कागद समजत नाही तो समजेपर्यंत डॉक्टरांना सोडू नका. मी बी.ए. असून विचारायला लाजलो.

हे लिहितोय तेव्हा दोन हजार पाच साल आहे. माझं वजन एकाहत्तर किलो आहे आणि तीन वर्षं तिथंच आहे. उपाशीपोटी साखर एकशे आठ, जेवल्यावर एकशे पंचेचाळीस. डॉक्टरांनी दोन गोळ्यांवरून मला सकाळच्या अर्ध्या गोळीवर आणलंय. दहाही बोटं जाग्यावर आहेत. आणि मागच्या महिन्यात मी अक्काच्या घरी तीन दिवस राहून आलो, तिन्ही दिवस तिच्या हातचं जेवलो.